बर्लिनमध्ये नवीन आला आहेस, तर आधी ग्रुनेवाल्डला जा

पहिल्याच रविवारी हिटलरच्या बंकरची जागा शोधत फिरू नकोस. तिथं आता गाड्या उभ्या असतात आणि एक माहितीफलक आहे. ते तसंच राहावं, असं मला मनापासून वाटतं.

त्यापेक्षा एस-बानने, म्हणजे शहरातल्या लोकल गाडीने, ग्रुनेवाल्ड स्टेशनला उतर आणि फलाट १७ गाठ. इथून नाझींनी बर्लिनमधल्या ज्यूंना गाड्यांत भरून घेट्टोंकडे आणि मृत्युछावण्यांकडे पाठवलं. रुळांच्या कडेनं १८६ पोलादी पट्टे बसवले आहेत; प्रत्येकावर तारीख, माणसांची संख्या आणि गाडी कुठं गेली ते. एकेक वाचत चाल. शेवटच्या तारखा १९४५ च्या आहेत. युद्ध हरत आलं तरी गाड्या थांबल्या नव्हत्या. रुळांमध्ये आता झाडं उगवली आहेत, ती मुद्दाम राखली आहेत.

विल्हेल्मस्ट्रासेवरची करडी, अवाढव्य इमारत हिटलरचा हवाईमंत्री गोरिंग याच्या मंत्रालयाची. आज तिथं अर्थमंत्रालय आहे. बाहेरून पाहिली तरी पुरे.

आणि रोज चालताना नजर खाली ठेव. फरसबंदीत नाझींच्या बळींच्या आठवणीसाठी बसवलेले १० सेंटिमीटरचे पितळी चौकोन दिसतील: ‘इथं राहत होती’, मग नाव, जन्मवर्ष आणि तिचं पुढं काय झालं. तुझ्या भाड्याच्या घरासमोर आहे का, बघ. असला तर थांबून नाव वाच.