सुंदर शहरात कुणीतरी मोडता घातलेला असतो

मागच्या अंकात आम्ही सहज विचारलं होतं की तुमचं आवडतं शहर कुठलं आणि का. उत्तरं कमी आली, उलटे प्रश्नच जास्त आले, आणि काही मेल तर सरळसरळ घरातली भांडणं आहेत, मला फक्त पंच म्हणून बोलावलंय. त्यातली चार पत्रं घेतेय, बाकीच्यांनी रागावू नये.

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्याकडे दिवाळीपासून एक वाद चालूय. माझं म्हणणं, भारतातलं सगळ्यात सुंदर शहर चंदीगड. बायको म्हणते उदयपूर. मेव्हणा म्हणतो जयपूर सोडून दुसरं नाव घ्यायचंच नाही. शेवटी मुलगी वैतागून म्हणाली की सुंदर म्हणजे काय ते आधी ठरवा, मग भांडा. तर ते तुम्हीच ठरवा. आणि 'प्रत्येक शहराचं आपापलं सौंदर्य असतं' असलं गुळमुळीत उत्तर नको, तुमचं स्वतःचं एक नाव हवं. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मुलगी हुशार आहे हो तुमची, तिच्याशी वाद घालू नका.

तिघांचीही शहरं सुंदर आहेत हे आधी मान्य करून टाकते. पण कारण विचारलं तर तुम्ही म्हणाल रुंद रस्ते, वहिनी म्हणतील तलाव, मेव्हणे म्हणतील हवामहल, आणि मग परत पहिले पाढे पंचावन्न. मला विचाराल तर शहरात काय बांधलंय ते बघायच्या आधी काय बांधू दिलं नाही ते बघावं. कुठल्याही सुंदर शहराच्या मुळाशी जा, कुणीतरी कधीतरी मोडता घातलेला सापडतोच.

तुमचं चंदीगडच घ्या. सुखना तलाव १९५८ साली शिवालिक टेकड्यांमधून येणारा ओढा अडवून केला आणि शहराची आखणी करणाऱ्या कॉर्ब्युझिए साहेबांनी तेव्हाच ठरवून टाकलं की बांधावर मोटारगाडी आणायची नाही. म्हणून आजही तिथे सकाळी आजोबालोक पाठीमागे हात बांधून निवांत चालतात आणि मागून कुणी हॉर्न मारत नाही. बाकी सेक्टर-बिक्टरचं मला फारसं कौतुक नाही, पत्ता विचारला की गणिताचा पेपर सुरू होतो.

जयपूर सवाई जयसिंगांनी १७२७ ला वसवायला घेतलं, विद्याधर भट्टाचार्यांनी आखणी केली, सरळ रस्ते, काटकोनातले चौक, एका मापाची दुकानं. गुलाबी रंग मात्र बराच नंतरचा, १८७६ मधला, प्रिन्स ऑफ वेल्स येणार म्हणून सवाई रामसिंगांनी लावून घेतलेला. म्हणजे बडा पाहुणा येणार म्हटलं की भिंती रंगवायच्या ही आपली सवय जुनीच आहे, फरक एवढाच की त्यांनी पाहुणा गेल्यावरही तो रंग सोडला नाही, आणि आजही जुन्या शहरातल्या बाजारात दुकानदाराला मनात आलं म्हणून दर्शनी भिंत निळी-हिरवी करून टाकता येत नाही. उदयपूरबद्दल मी वहिनींशी भांडणारच नाही, तिथे पाणीच मोडता घालतं, पिचोला तलावात बिल्डर पोचू शकत नाही. (राजे पोचले, पण ते वेगळं.)

आता माझं नाव. बडोदा.

हसू नका. बडोद्याला लोक मुंबईहून अहमदाबादला जाताना गाडीत झोपून ओलांडतात आणि फार तर लक्ष्मीविलास पॅलेस बघून 'झालं' म्हणतात. पॅलेस मी धरतच नाहीये, भव्य आहे, १८९० चा आहे, चार्ल्स मँटने सुरू केला आणि तो अर्ध्यावरच वारल्यावर चिझमने पुरा केला (हाच मँट आपल्या कोल्हापूरच्या न्यू पॅलेसचा), पण राजवाडे काय, पैसा असला की होतात. मला जे आवडतं ते स्टेशनवर उतरून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. कमाटीबाग, म्हणजे सयाजीबाग. १८७९ साली केलेली, शंभरावर एकर, ऐन शहरात, लोकांसाठी. आतच म्युझियम, आतच प्राणिसंग्रहालय, आणि मधून विश्वामित्री वाहते, तिच्यात खऱ्या मगरी. पिंजऱ्यातल्या वेगळ्या आणि नदीतल्या वेगळ्या, नदीतल्यांना तिकीट नाही. शंभर एकर जमीन स्टेशनजवळ इतकी वर्षं मोकळी राहते याचा आजच्या भावाने हिशोब करून बघा एकदा, म्हणजे मी सौंदर्य कशाला म्हणतेय ते कळेल.

दुसरी जागा मांडवीकडची सेंट्रल लायब्ररी. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये अख्ख्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मग शिकलेल्या लोकांनी वाचायचं काय, म्हणून १९१० च्या सुमारास बॉर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल बोलावून गावोगावी वाचनालयं काढली, आणि त्या सगळ्याच्या मुळाशी हे ग्रंथालय. आत पुस्तकांच्या लोखंडी मांडण्या मजल्यावर मजले चढलेल्या आणि चालायची जमीन जाड काचेची, म्हणजे वरचा उजेड खालच्या मजल्यावर झिरपत येतो आणि पुस्तकाचं नाव वाचायला दिवा लागत नाही. माझी आत्या दांडिया बाजारात राहायची, तिच्यासोबत पहिल्यांदा गेले तेव्हा मी त्या काचेवर पाय टाकायलाच तयार नव्हते, वर कुणी चाललं की त्याच्या पायांची सावली डोक्यावरून सरकते. पुस्तकाच्या कपाटापर्यंत ऊन कसं पोचेल याचा विचार करणारं शहर मला सुंदरच वाटणार ना!

आणि काळा घोडा. मुंबईच्या काळ्या घोड्यावर आधी सातवा एडवर्ड बसलेला होता, १९६५ ला त्याला राणीच्या बागेत नेऊन ठेवलं, २०१७ पासून तिथे नुसता घोडा आहे, स्वाराशिवाय. बडोद्याच्या काळ्या घोड्यावर पहिल्यापासून सयाजीराव आहेत आणि कुणाला त्यांना उतरवावंसं वाटलेलं नाही. शहराला आपला राजा इतकी वर्षं आवडत राहणं, यातही सौंदर्याचं काहीतरी असेल की नाही?

खायचं विचारलं नाहीत तरी सांगते, सेवउसळ. पांढऱ्या वाटाण्याची आपली उसळ, वर तिखट तर्री, भरपूर शेव, सोबत पाव. मराठी उसळ गुजराथला गेली आणि शेव घालून तिकडचीच झाली, रावपुऱ्यातल्या मराठी माणसांचंही थोडंफार तसंच झालंय, 'चालेल' म्हणायच्या जागी 'चालशे' तोंडात येतं.

दोष? आहे की. ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री शहरात घुसली, मगरी कॉलन्यांमधल्या रस्त्यांवर आल्या, ते व्हिडिओ सगळ्यांनी बघितले असतील. पाऊस प्रचंड होता हे खरंच, पण नदीच्या दोन्ही बाजूंची कोतरं, जिथे पूर्वी पुराचं पाणी जाऊन बसायचं, तिथे भराव टाकून इमारती उभ्या राहिल्या, मग पाणी जाणार कुठे. कमाटीबागेत ज्या शहराने मोडता घातला त्याच शहराने कोतरांपाशी घातला नाही. तरीही माझं मत बडोद्यालाच. मुलीला सांगा, निकाल लागला.

प्रश्न : पुणं आता सुंदर राहिलेलं नाही, हे एकदा छापून टाका. वाडे गेले, चाफा गेला, राहिली ती नुसती पार्किंगची भांडणं. मी जन्माने सदाशिव पेठेतला आहे, त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे. (एक ज्येष्ठ वाचक, पुणे)

उत्तर : काका, छापलं. पण पूर्ण पटलं नाही हेही छापते.

वाडे गेले याचं दुःख आहेच. पण वाड्यात भाडेकरू म्हणून दोन खोल्यांत राहिलेल्या आणि सकाळी सामाईक संडाससमोर बादली घेऊन उभं राहिलेल्या बायकांना विचारा, त्या इतक्या हळव्या होत नाहीत. पेठांमधली मला खरी सुंदर वाटते ती न दिसणारी गोष्ट, नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून नळ बांधून पाणी शहरात आणलं आणि जागोजागी हौदांतून लोकांना दिलं. आज त्यातले कितीतरी हौद बुजले, काहींची फक्त नावं चौकांना उरली.

पुण्याचं सौंदर्य टेकड्यांवर आहे असं माझं पक्कं मत आहे. पर्वती, हनुमान टेकडी, तळजाई, वेताळ टेकडी. दहा मिनिटं चढलं की खाली अख्खी गाड्यांची गर्दी आणि वर मोर ओरडतोय, असं एवढ्या मोठ्या शहरांपैकी कितीकांना मिळतं हो? वेताळ टेकडीतून रस्ते आणि बोगदे काढायचं निघालं तेव्हा रोज सकाळी तिथे चालणाऱ्या, तुमच्याच वयाच्या लोकांनी पाट्या घेऊन मोडता घातला. तुम्ही त्यात असाल तर दंडवत. नसाल तर जा, गुडघे परवानगी देत असतील तर.

आणि जंगली महाराज रस्ता विसरू नका. १९७६ साली केलेला, कंपनीने दहा वर्षांची गॅरंटी दिलेली आणि नंतर कित्येक दशकं खड्ड्याशिवाय टिकलेला. पुण्यात याहून रोमँटिक गोष्ट मला सुचत नाही.

प्रश्न : ताई, मी कराडची, सध्या शिकायला बाहेर असते. होस्टेलवर सगळ्या आपापल्या शहराचे फोटो टाकतात, आमच्याकडे टाकण्यासारखं काहीच नाही. छोट्या गावाला सुंदर म्हणता येतं का? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : अगं, प्रीतिसंगमाच्या गावची पोरगी असं म्हणते? कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन भिडतात आणि दोघी मिळून पूर्वेला वळतात, नद्या अशा समोरासमोर येऊन मिळताना सहसा दिसत नाहीत, बहुतेक ठिकाणी एक बाजूने गुपचूप येऊन मिसळते. यशवंतरावांची समाधी तिथेच. पुढच्या सुट्टीत संध्याकाळी घाटावर जा, बाग आहे, भेळ आहे, कॉलेजच्या पोरांचे घोळके आहेत, आज्या आहेत, आणि बसायला कुणी पैसे मागत नाही. मैत्रिणींच्या फोटोंपैकी कितीतरी मॉलमधले असतील, बघ नीट. दोन्ही प्रवाह एका फ्रेममध्ये येतील असा एक काढ, होस्टेलवर शांतता पसरेल.

प्रश्न : इंदूरहून माझे सासू-सासरे पहिल्यांदाच मुंबईला येतायत. त्यांच्या मते मुंबई म्हणजे घाण, घाम आणि लोकल. मला त्यांना एका दिवसात पटवायचंय की माझं शहर सुंदर आहे. कुठे नेऊ? (एक वाचक, कांदिवली)

उत्तर : अवघड जागचं दुखणं आहे. इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिल्या नंबरला चिकटून बसलंय, त्यामुळे कचऱ्यावरून टोमणे येणार ते ऐकून घ्यायचे, तिथे वाद घालायला आपल्याकडे काही नाही.

रविवारी सकाळी काढा त्यांना. चर्चगेटला उतरा आणि थेट ओव्हल मैदानाच्या मधोमध नेऊन उभं करा, क्रिकेटचा बॉल सांभाळून. पूर्वेला तोंड केलं की हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, १८७८ चे, दगडी, टोकदार, नक्षीकाम बघताना मान दुखेल. पाठ फिरवली की पश्चिमेला तीसच्या दशकातल्या आर्ट डेको इमारती, गोल कोपऱ्यांचे गच्चीवजा सज्जे, सगळ्या जवळपास एका उंचीच्या. सासऱ्यांना सांगा की दगडी इमारती झाल्या तेव्हा त्यांच्यासमोर समुद्र होता, नंतर भराव टाकून ही पश्चिमेची ओळ आली, पण मधलं मैदान कुणाला खाऊ दिलं नाही. दोन काळ समोरासमोर आणि मधे खेळणारी पोरं, यासाठीच २०१८ ला युनेस्कोने हा सगळा भाग जागतिक वारसा म्हणून घेतला. सीएसएमटीला तो मान आधीच, २००४ ला मिळाला होता, पण या एका दिवसात तिथे वेळ घालवू नका.

दुपारी ऊन झालं की दादर पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्सची सावली. १८९६ च्या प्लेगने मुंबईची दाटीवाटी उघडी पाडली, मग १८९८ ला इंप्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि दादर-माटुंग्याची ही मोकळी आखणी झाली, त्यात मंचेरजी जोशींनी पारशी कॉलनी उभी केली, ओळीने झाडं लावून. तिथून शिवाजी पार्कचा कट्टा जवळच. २०१० ला हायकोर्टाच्या आदेशाने शिवाजी पार्क शांतता क्षेत्र ठरलं होतं, सासूबाईंना तिथे बसवा आणि आजूबाजूला बघू द्या, एकही माणूस त्यांना 'सरका' म्हणणार नाही, मुंबईत हे केवढं मोठं आहे ते तुम्ही समजावून सांगा.

मरीन ड्राइव्ह संध्याकाळसाठी ठेवा, दिवे लागायच्या जरा आधी पोचा, कठड्यावर जागा मिळाली तर उठू नका.

आणि एक, काही झालं तरी त्यांना मुंबईत पोहे खायला घालू नका. बटाटेवडा द्या, भजी द्या, पोह्यांच्या वाटेला जाऊच नका, ती मॅच इंदूरने आधीच जिंकलेली आहे.