'कोरिओलेनस' दोन तासांत बसवायचं तर काय कापावं, आणि नायकाबद्दल काही वाटावं यासाठी काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पंधरा जणांचा हौशी गट आहे, शेक्सपियरचं 'कोरिओलेनस' मराठीत करायचंय, हातात दोन तास आहेत. पहिल्या वाचनानंतर सगळ्यांचं म्हणणं पडलं की हा सेनापती नुसता उर्मट आहे, त्याचं पुढे काय होतं याच्याशी आपल्याला देणंघेणं वाटत नाही. मग कापायचं काय आणि सहानुभूती आणायची कुठून?

ती बाहेरून आणायला जाऊ नका. दुःखी संगीत, एखादं वाढवलेलं स्वगत, यातलं काहीही घातलं की नाटक मोडतं. हा माणूस एकटा असा जवळपास बोलतच नाही. कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, होण्यासाठी मतं मागताना साध्या झग्यात उभा असतो तेव्हा थोडं, आणि हद्दपार होऊन शत्रूच्या, म्हणजे व्होल्शींच्या, अँटियम शहरात पोचतो तेव्हा थोडं, एवढंच. त्याच्या आत काय चाललंय ते दिसतं दुसऱ्याच्या तोंडचा एखादा शब्द त्याला लागतो तेव्हा. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: लढाया कापा, शब्द राखा.

मूळ संहिता साडेतीन हजार ओळींच्या आसपास आहे आणि प्रवेश एकोणतीस. न कापता तीन तासांच्या वर जाते. सगळ्यात जास्त कात्री पहिल्या अंकाला लागेल, कारण दहा प्रवेशांपैकी बहुतेक रणांगणावर आहेत. व्होल्शींच्या कोरिओली शहरातल्या सिनेटचा प्रवेश, सैनिकांची लूट, दारावरचा छोटा पहारा हे गेलं तरी कुणाला कळणार नाही. रोमन सरदार टायटस लार्शियसची वाक्यं सेनापती कोमिनियसला द्या. वेशीचा प्रवेश मात्र हवाच: सैनिक मागे राहतात, मार्शियस (कोरिओलेनसचं मूळ नाव) एकटा आत शिरतो आणि दार बंद होतं. चौथ्या अंकात रस्त्यात भेटणाऱ्या रोमन आणि व्होल्शी हेरांचा प्रवेश पूर्ण काढा. मिनिटं साधारण अशी धरा: पहिला अंक तीस, दुसरा पंचवीस, तिसरा पंचवीस, मग मध्यंतर, चौथा पंधरा, पाचवा पंचवीस. मध्यंतर हद्दपारीवरच घ्या. तो रोमलाच हद्दपार करतो आणि जग दुसरीकडेही आहे असं म्हणून निघतो, तिथे दिवे जाऊ द्या.

कापताना हमखास उडतात अशा दोन जागा आहेत, त्यांना हात लावू नका. पहिली, घरची मैत्रीण व्हॅलेरिया त्याच्या छोट्या मुलाबद्दल सांगते ती: पोरगं सोनेरी फुलपाखराला पकडतं, सोडतं, पुन्हा पकडतं आणि शेवटी दातांनी फाडून टाकतं. आजी कौतुकाने म्हणते, अगदी बापावर गेलाय. हा बाप कसा घडला असेल ते प्रेक्षकाला इथे कळतं. दुसरी जागा लढाईनंतरची. कोरिओलीतल्या एका गरीब माणसाने कधीतरी त्याला आसरा दिला होता, तो आता कैदेत आहे. मार्शियस त्याला सोडायला सांगतो. नाव विचारल्यावर म्हणतो, विसरलो, थकलोय. आणि वाइन मागतो. दहा-बारा ओळींचा मामला आहे. नटाने ते नाव खरोखर आठवायचा प्रयत्न करावा. दया आहे पण नाव लक्षात नाही, हा माणूस पूर्ण इथे दिसतो.

आता भाषांतर, कारण मराठीत खरी अडचण इथे येते. मतांच्या प्रवेशात तो आठेक ओळींत सात वेळा एकच शब्द म्हणतो. त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ आवाजही आहे आणि मतही. तुम्ही 'मत' घेतलं तर ती निवडणुकीची सभा होते, 'आवाज' घेतला तर अर्थच लागत नाही. मी 'कौल' घेईन. मतदारांचा कौल आपण रोज म्हणतो, आणि देवाला कौल लावतात हेही त्यात आहे. ज्यांना तो तुच्छ मानतो त्यांच्यापुढे उभं राहून त्यांचाच कौल मागायची वेळ आली, हे त्या एका शब्दात येतं. सातही वेळा तोच शब्द ठेवा. नटाने तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून तो जरा चावून म्हणावा.

याच प्रवेशात एक नागरिक त्याला सांगतो की कॉन्सलपदाची किंमत एवढीच, नीट मागा. हे वाक्य टिंगलीत म्हणू देऊ नका, शांतपणे म्हणवून घ्या. नागरिक दोघे-तिघे करून येतात हेही पाळा. घोळका एकदम आणलात तर तो घाबरला असं वाटतं. खरं तर घोळक्याला तो घाबरत नाही, समोरच्या एकट्या माणसाशी कसं बोलायचं ते त्याला येत नाही. जखमा दाखवायची वेळ येते तेव्हा नंतर एकांतात दाखवीन म्हणतो. त्या त्याने शेवटपर्यंत दाखवू नयेत. मेकअपवाल्याने कितीही मेहनत घेतली असली तरी.

दुसरा शब्द 'देशद्रोही' या अर्थाचा. तिसऱ्या अंकात जमावासमोर नम्र राहायचं असं आईला कबूल करून तो आलेला असतो. ट्रिब्यून, म्हणजे लोकांचा प्रतिनिधी, सिसिनियस हा शब्द उच्चारतो आणि सगळं फिसकटतं. शेवटच्या प्रवेशात व्होल्शींचा सेनापती ऑफिडियस तोच शब्द वापरतो. दोन्हीकडे एकच मराठी शब्द हवा, म्हणजे कान ओळखतो. 'गद्दार' टाळा, प्रेक्षकाला लगेच आजची भाषणं आठवतील. 'फितूर' चांगला बसतो. तिसरा शब्द ऑफिडियसचाच: त्याला 'रडतं पोर' म्हणतो. कोरिओलेनस पुढे तीन वेळा 'पोर!' एवढंच उच्चारत राहतो. त्याच्या आईने त्याला आयुष्यभर पोरच ठेवलं आहे, म्हणून तो घाव इतका खोल जातो.

ट्रिब्यूनना खलनायक करू नका. शहरात धान्य नाही, नाटक त्या दंगलीनेच उघडतं. शेक्सपियरने हे 1608 च्या सुमारास लिहिलं, आणि 1607 मध्ये इंग्लंडच्या मध्यभागात शेतजमिनी कुंपणात घेण्यावरून उठाव झाला होता. आणि यातला दुसरा ट्रिब्यून ब्रूटस म्हणजे सीझरचा मारेकरी नव्हे. ही कथा त्याच्या साडेचारशे वर्षं आधीची, इ.स.पू. 493 च्या आसपासची आहे. कार्यक्रमपत्रिकेत ही ओळ घाला, सगळे घोटाळा करतात.

पाचव्या अंकात कोरिओलेनस व्होल्शींचं सैन्य घेऊन रोमवर चालून आलेला असतो; त्यातला आईचा प्रवेश पूर्ण ठेवा. गुडघे टेकण्याचा क्रम आधी कागदावर लिहा: आधी तो आईपुढे, मग ती त्याला उठवून स्वतः त्याच्यापुढे, आणि शेवटी आई, बायको, व्हॅलेरिया, मुलगा सगळे एकदम. मुलाला एकच बोलणं आहे: मला तुडवता येणार नाही, मोठा होईपर्यंत पळेन, मग लढेन. मोठ्याने म्हणवून घ्या, गोड नको. आईचं बोलणं संपल्यावर छापील संहितेत सूचना आहे की तो तिचा हात धरून गप्प राहतो. नटाने मनात दहापर्यंत मोजावं. तालमीत दहा अंक फार लांबतात असं सगळ्यांना वाटतं आणि ते चारवर येतं, तिथेच प्रयोग पडतो. त्यानंतर तो आईला सांगतो की रोम जिंकलं, पण तुझ्या मुलाला हे जिवावर बेतेल. आईचं, म्हणजे व्हॉल्युम्नियाचं, शेवटचं वाक्य असं की शहर पेटेपर्यंत आता मी गप्प. आणि खरोखर ती पुढे एक शब्दही बोलत नाही. म्हणून तिच्या रोममधल्या मिरवणुकीचा पाच-सहा ओळींचा प्रवेश कापू नका. लोक फुलं उधळतायत आणि ती सरळ समोर बघत चाललीय, एवढंच.

पंधरा जणांची वाटणी: कोरिओलेनस, व्हॉल्युम्निया, त्याचा वयस्क मित्र मेनेनियस, ऑफिडियस यांना दुसरी भूमिका नको. मग कोमिनियस, बायको व्हर्जिलिया, मुलगा, दोन ट्रिब्यून, व्हॅलेरिया आणि पाच नागरिक. व्हॅलेरियाची नटी जमावातही उभी राहील. रोमचा जमाव आणि व्होल्शींचा जमाव तीच माणसं करू देत. दोन ट्रिब्यूनच शेवटी ऑफिडियसचे कटवाले म्हणून येऊन कोरिओलेनसला मारतील. सिसिनियसला कपडे बदलायला मधल्या मिरवणुकीएवढाच वेळ मिळतो, तेव्हा त्याला आतला पोशाख आधीच घालून वरून फक्त उपरणं द्या.