वीज नव्हती तेव्हा मशीन हातचा कसा घ्यायचं?

तुम्ही विचारलंय की वीज नाही, चिप नाही, मग जुन्या हिशेबाच्या मशीनमध्ये नुसत्या दातेरी चाकांवर बेरीज कशी व्हायची. बेरीज सोपीच आहे हो, खरी गोम हातच्यात आहे. दहा घरांचं चाक घ्या, ० ते ९. तीन घरं फिरवलं, मग चार घरं फिरवलं की ७ समोर. पण त्यात अजून ५ फिरवले की चाक ९ वरून ० वर येतं आणि नेमकं तेव्हाच शेजारच्या दशकाच्या चाकाला एक घर ढकलावं लागतं. एकाला ढकलणं जमेल, पण ९९९९ मध्ये १ मिळवून बघा, सगळ्या चाकांना एकदम फिरवायचा जोर एकट्या एककाच्या चाकावर येतो आणि तिथेच सगळं अडकतं.

ब्लेझ पास्कलनं १६४२ च्या सुमाराला फ्रान्समध्ये यावर जे शोधलं ते मला आजही भारी वाटतं, वय जेमतेम १९, वडील रुआँ शहरात करवसुलीच्या कामावर म्हणून घरात सतत आकडेमोड. चाक ० कडून ९ कडे जाताना एक छोटं वजन हळूहळू वर उचलत जातं, आणि ९ चा ० झाला की ते सुटून खाली पडतं आणि पडता पडता पुढच्या चाकाला एक घर ढकलतं. म्हणजे हातच्याला लागणारा जोर प्रत्येक चाकानं आधीच साठवून ठेवलेला!

पण यामुळे चाकं उलटी फिरेनात, मग वजाबाकी कशी? तीही बेरजेनंच. ५२ - १७ करायचंय, तर ९९ मधून ५२ काढा, ४७. त्यात १७ मिळवा, ६४. परत ९९ मधून ६४ काढा, ३५. हे ९९ मधून काढणं डोक्यात करावं लागत नसे, चाकावर आकड्यांची दुसरी उलटी ओळ असायची, वरची पट्टी सरकवली की तीच दिसायची.

पुढे जर्मन गणितज्ञ लायब्निझनं गुणाकारासाठी कमीजास्त लांबीच्या नऊ दात्यांचा ड्रम काढला, आणि एकोणिसाव्या शतकात ओडनर नावाच्या इंजिनिअरनं असं चाक केलं की जेवढा आकडा लावाल तेवढेच दाते बाहेर येतात. आपल्याकडे कॉलेजात, ऑफिसात जी हॅन्डल फिरवायची फॅसिट कंपनीची हिशेबाची मशिनं होती ती याच जातीची. मी स्टॅटिस्टिक्सच्या प्रॅक्टिकलला त्यावरच काम केलंय. ३४७ गुणिले २३ म्हणजे ३४७ लावायचे, हॅन्डल तीनदा फिरवायचं, लावलेला आकडा दशकाच्या घरावर सरकवायचा, अजून दोनदा फिरवायचं, झालं, ७९८१.

भागाकाराला हॅन्डल उलटं फिरवत वजा करत जायचं आणि टिंग अशी घंटी वाजली की समजायचं एकदा जास्त वजा झालं, मग एकदा सुलट फिरवून पुढच्या घरावर. ती घंटी का वाजते हे मला फार उशिरा कळलं. उत्तर शून्याच्या खाली गेलं की डावीकडच्या चाकांवर ९ येत जातात, तो हातचा एकेक चाक ओलांडत डावीकडच्या शेवटच्या चाकापर्यंत पोचतो, आणि पुढे ढकलायला चाकच नसतं म्हणून तो घंटीवर आपटतो.