एमएससाठी ग्रीन्सबरोच्या ए अँड टीला येताय? मग एवढं वाचाच

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना ए अँड टी (ॲग्रिकल्चरल अँड टेक्निकल) विद्यापीठाची स्थापना 1891 ची. कॉलेजांना केंद्रीय मदत देणाऱ्या 1890 च्या मॉरिल कायद्याने राज्यांना अट घातली: कृष्णवर्णीयांना प्रवेश द्या, नाहीतर त्यांच्यासाठी वेगळं कॉलेज काढा. राज्याने दुसरा मार्ग निवडला, त्यातून हे विद्यापीठ उभं राहिलं.

पहिल्याच आठवड्यात एल्म स्ट्रीटवरच्या जुन्या वूलवर्थ दुकानात जा, आता तिथे संग्रहालय आहे. 1 फेब्रुवारी 1960 ला इथल्याच पहिल्या वर्षाच्या चार मुलांनी तिथे आधी किरकोळ खरेदी केली, मग फक्त गोऱ्यांसाठीच्या खाण्याच्या काउंटरवर बसून कॉफी मागितली. पैसे घेणारं दुकान कॉफी का देत नाही, हा त्यांचा बिनतोड सवाल होता. जुलैअखेर काउंटर सर्वांना खुला झाला. त्या चौघांचा पुतळा कॅम्पसवर आहे. त्यांची नावं पाठ असू द्यात: ब्लेअर, मॅकेन, मॅकनील, रिचमंड. अवकाशवीर रोनाल्ड मॅकनेअरही इथलाच, 1971 चा भौतिकशास्त्राचा पदवीधर.

नवखे हमखास चुकतात ते कृष्णवर्णीय फ्रॅटर्निटी-सोरोरिटींच्या (मुलांच्या आणि मुलींच्या विद्यार्थी संघटनांच्या) बाबतीत. त्यांचे सदस्य रांगेने नाचत जात असतील तर मधून घुसू नका, त्यांच्या हाताच्या खुणांची नक्कल करू नका, त्यांच्या रंगवलेल्या कट्ट्यांवर बसू नका. हा मान कमावलेला असतो.

होमकमिंगला, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या वार्षिक सोहळ्याला, हॉटेलं लवकर भरतात. घरचे येणार असतील तर तारीख जाहीर होताच खोली घ्या. आणि तेव्हाच्या अमेरिकन फुटबॉल मॅचच्या मध्यंतरात खायला उठू नका, तेव्हाच बँड मैदानात उतरतो. कुणी ‘ॲगी’ (इथल्या विद्यार्थ्यांचं टोपणनाव) ओरडलं की ‘प्राइड’ म्हणायचं, मोठ्याने.