चिंच लावण्याआधी

चिरंजीवीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. घर उतरवायला काढलंय, माळ्यावरून दोन पेट्या खाली आल्यात, घरचे म्हणतात पितळ मोडीत घाला आणि लाकूड बंबात. तुला ते सगळं जपायचंय, पण ‘पाठीशी कुणी मोठा दाता नाही’ असं लिहिलंस. त्या एका वाक्यासाठी हा कागद घेऊन बसलो.

पुण्यात शुक्रवार पेठेतलं राजा केळकर संग्रहालय शाळेच्या सहलीत धावतपळत पाहिलं असशील. ते उभं करणारे दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे आपले काका केळकर. त्यांचा चष्म्याचा व्यवसाय होता आणि नाद कवितेचा. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते लिहीत. १९२०च्या सुमारास जुन्या वस्तू गोळा करायला लागले आणि मग गावोगाव हिंडणं आयुष्यभर सुटलं नाही. पत्नी कमलाबाईंची साथ होती. मिळकत अशी घराबाहेर जात असताना संसार सांभाळणं काय असतं, ते मला त्यांच्याबद्दल वाचताना नेहमी जाणवतं. संग्रह पुढे वीस हजारांवर गेला.

त्यांचा मुलगा राजा सात वर्षांचा असताना गेला. त्याचं नाव त्यांनी संग्रहाला दिलं आणि सगळं महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलं. १९९० साली, चौऱ्याण्णव वर्षांचे होऊन ते गेले. मोठा दाता म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे हा चष्मेवाला येतो.

आता एकदा एकटं जा. कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल लोक आवर्जून पाहतात, तूही पाहा, पण आधी वजऱ्यांपुढे थांब. वजरी म्हणजे पाय घासायची वस्तू. खालची बाजू खरबरीत, वर धरायला मूठ. त्या मुठीच्या जागी पक्षी बसवलेत, प्राणी बसवलेत. टाचेच्या भेगा घासायच्या, न्हाणीच्या कोपऱ्यात पडून राहणाऱ्या वस्तूवर कुणा ओताऱ्याने एवढा जीव लावला, आणि ती उचलून आणावी असं काकांना वाटलं. तलवारी जपणारे पुष्कळ होते. दिवे, अडकित्ते, दौती, स्वयंपाकघरातली भांडी त्यांच्यासारख्या माणसाने उचलली म्हणून राहिली.

माझ्या हातून झालेली चूक तुला सांगतो. एका पडत्या वाड्यातल्या आजींनी मला कुंकवाची कोयरी दिली होती. कुणाच्या लग्नातली, कुठल्या गावच्या ओताऱ्याकडची, सगळं त्या सांगत होत्या. मी मान डोलावत राहिलो, लिहून काही घेतलं नाही. घरी आल्यावर चिंच-मीठ लावून लख्ख घासली. आत मेण-कुंकवाचा जुना थर होता, तोही खरवडून काढला. पुढच्या वर्षी आजी गेल्या. कोयरी माझ्या कपाटात आहे, आणि तिच्याबद्दल मला काहीच सांगता येत नाही.

म्हणून पेट्या उघडल्यास की आधी वही काढ. चिंच, राख, पावडर काही लावू नकोस, मऊ कोरड्या फडक्याने धूळ टिपून घे. वस्तू जशी निघाली तशीच तिचा फोटो काढ. मग आजीला शेजारी बसवून विचार, याला तुम्ही काय म्हणायचात, कोण वापरायचं, घरात कुठून आली. तिचा शब्द येईल तसाच उतरव, शुद्ध करायला जाऊ नकोस. सुती दोऱ्याने आकड्याची चिठ्ठी बांध. चिकटपट्टी नको, तिचा डाग जात नाही.

शंभर वर्षांपुढच्या वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांपुढची मोलाची हस्तलिखितं १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात. त्या परस्पर परदेशी धाडता येत नाहीत. मूर्ती किंवा पोथी निघाली तर नोंदणीचं पुरातत्त्व खात्यात विचारून घे. आणि कुणी गिऱ्हाईक घरी येऊन रोख मोजायला लागलं, तर घरातल्यांना एक दिवस थांबायला सांग.

दात्याचं म्हणशील तर काका केळकरांना माळे उघडून देणारी घरंही देणारीच होती. तुझी काकू समई मोडीत न घालता तुझ्या हातात ठेवणार असेल, तर तुझ्या संग्रहाची पहिली देणारी ती. वहीच्या पहिल्या पानावर, तिला विचारून, तिचं नाव घाल. तुझं नंतर.

रविवारी सकाळी ये. पत्रात लिहिलेला तो अडकित्ता फडक्यात गुंडाळून आण, आहे तसाच, गंजासकट. पात्याच्या मुळाशी काही कोरलंय असं तुला वाटतंय ना, ते भिंगाखाली धरून बघू. माझ्याकडे चांगलं भिंग आहे.

तुझे सर