प्रेशर पंधरा, तरी काचबिंदू?

प्रश्न : माझ्या मिस्टरांचं (वय 53) डोळ्यांचं प्रेशर 15 आलं, तरी डॉक्टरांनी काचबिंदू सांगून थेंब सुरू केले. वाशीच्या नणंदेचं प्रेशर 24, तिला मात्र ‘सध्या लक्ष ठेवू’ म्हणाले. हे उलटंच नाही का? मिस्टरांनी तिशीत लेसिक करून चष्मा घालवला होता. थेंब बंद करावेत का?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : ताई, थेंब अजिबात बंद करू नका, हे आधी सांगते.

डोळ्याचं प्रेशर आपण बाहेरून, कॉर्निया दाबून मोजतो. कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा. आजही ज्या गोल्डमन टोनोमीटरवर आमची भिस्त असते, तो 1950 च्या दशकातला. कॉर्नियाची जाडी साधारण 520 मायक्रॉन, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर धरून त्याचं गणित बसवलेलं आहे. पडदा पातळ असेल तर तो चटकन दबतो आणि आकडा कमी येतो, जाड असेल तर जास्त. लेसिकमध्ये कॉर्निया लेसरने पातळच करतात. त्यामुळे मिस्टरांच्या डोळ्यातलं खरं प्रेशर 15 हून जास्त असू शकतं. आणि नणंदेचा कॉर्निया जाड असेल, तर तिचे 24 दिसतात तेवढे घाबरवणारे नाहीत.

ठाण्यात माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या पेशंटला मी लेसिक झालंय का विचारते. निम्मे जण ‘डोळ्याचं ऑपरेशन? नाही’ म्हणतात, चष्म्याचा नंबर काढला होता का, असं विचारलं की मग आठवतं. जाडी मोजायची तपासणी म्हणजे पॅकीमेट्री. भूल देणारा थेंब घालून बारीक प्रोब क्षणभर टेकवायचा, दुखत नाही. फाईलमध्ये हा आकडा नसेल तर दोघांनीही मागून घ्या. मात्र ‘इतके मायक्रॉन कमी, म्हणून प्रेशरमध्ये इतके मिळवा’ असे तक्ते मोबाईलवर फिरतात, त्यावर विसंबू नका. सगळ्यांना लागू पडेल असं सूत्र नाही.

जाडीइतकाच महत्त्वाचा पडद्याचा लवचिकपणा. हवेचा झोत मारला की कॉर्निया आत दबतो आणि परत येतो. त्यात तो किती धक्का पचवतो, त्या मापाला हिस्टेरेसिस म्हणतात. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत गाडीचे शॉक ॲब्सॉर्बर करतात, तेच काम. निरोगी डोळ्यात हे माप सरासरी 10-11 च्या आसपास असतं. काचबिंदूत ते बहुधा कमी सापडतं. नॉर्मल प्रेशरच्या काचबिंदूत आणि डोळ्यात भुकटीसारखा थर साचून होणाऱ्या स्यूडोएक्सफोलिएशनच्या काचबिंदूतही. ते कमी असलेल्यांची नस (डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी, काचबिंदूत खराब होते ती) जास्त वेगाने खराब होते, असंही अभ्यासांत दिसलंय. पण लेसिकनंतर हे माप मुळातच घटतं, म्हणून मिस्टरांच्या बाबतीत त्याच्यावरून निष्कर्ष काढताना मी जपूनच राहीन.

शेवटी निदान ठरतं ते नसेवरून : नस प्रत्यक्ष पाहून, ओसीटी (नसेच्या थराची जाडी मोजणारं स्कॅन) आणि फील्ड टेस्ट (आजूबाजूचं किती दिसतं ती तपासणी) करून. मिस्टरांचे हे रिपोर्ट डॉक्टरांना समजावून सांगायला लावा, तो तुमचा हक्क आहे. लेसिकच्या आधीचे कागद कपाटात असतील तर तेही न्या, त्यात मूळ जाडी लिहिलेली असते.

नणंदेला एक नक्की कळवा. सख्ख्या भावाला काचबिंदू आहे, हे तिच्या डॉक्टरांना माहीत असायलाच हवं. त्याने तिचा धोका वाढतो, आणि ‘लक्ष ठेवू’ म्हणजे नेमकं किती महिन्यांनी, तेही मग नव्याने ठरवावं लागेल.