पदवीनंतर लगेच चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळू शकते का?
समाजशास्त्रात पदवी घेतल्या-घेतल्या ब्रिटनमधील एमएसाठी चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीला अर्ज करता येत नाही. या शिष्यवृत्तीसाठी किमान २,८०० तासांचा, म्हणजे सुमारे दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावे लागते. अर्जातील निबंधात ‘समाजासाठी काम करायचे आहे’ असे मोघम लिहिण्यापेक्षा, उदाहरणार्थ, ऊसतोड कामगारांच्या मुलांची शाळागळती थांबवण्यासाठी आपण कोठे आणि कोणत्या पदावर काम करणार, हे सांगावे.

अनुसूचित जाती किंवा भटक्या-विमुक्त समाजातील विद्यार्थ्यांसाठी परदेशात शिकण्यासाठी केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपही आहे. मात्र २०२२-२३ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, इतिहास व भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले (हा निर्णय मला अनाकलनीय वाटतो), म्हणून जातिव्यवस्थेवर संशोधन करू इच्छिणाऱ्याने चालू नियमावली आधी वाचावी.